आठ हजार रतलांची ओढ

जिन्याखालची पेटी हलवायला दोन माणसं आणि एक पहार लागली. गिरगावातली मामाची चाळ पुनर्विकासाला निघाली होती. गेल्या वर्षी जुलैअखेर खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मामींनी फोनवर एवढंच सांगितलं, "तुझ्या मामांचं ते लोखंड येऊन घेऊन जा, नाहीतर शनिवारी भंगारवाला येतोय." मी शुक्रवारीच गेले.

झाकण निघालं तसा आंबलेल्या ग्रीसचा आणि ओल्या गोणपाटाचा वास आला. गोणपाटाखाली उभी मोटर, तिच्या पायाशी आडवा ड्रम आणि ड्रमावर गंजून एकजीव झालेली पोलादी तार. हे यंत्र शेवटचं चाललं ते २६ जुलै २००५ ला, कलिन्यात. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मामाने जीपच्या पुढच्या विंचने दोन रिक्षा आणि एक टॅक्सी चढावर ओढून घेतली, आणि मग पाणी जीपच्याच बोनेटवर आलं. जीप महिन्याभराने धुऊनपुसून सुरू झाली. विंच झाली नाही. मामाने ती उतरवून पेटीत घातली, वर गोणपाट टाकलं, आणि त्याच्या हयातीत ती पेटी पुन्हा उघडली नाही.

ती १९८९ ची एमएम ५४० जीप आता माझ्याकडे आहे. विंचही माझ्याकडे आली, आणि त्यानंतरचं वर्षभर मी लालबाग, परळ, नागदेवी आणि लॅमिंग्टन रोड यांच्या फेऱ्या मारत राहिले. त्या फेऱ्यांची ही हकिगत आहे.

विंच म्हणजे काय हे गोदीत राबलेल्या माणसाला किंवा ट्रॉलरवरच्या कोळ्याला सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी विहिरीवरचा रहाट आठवावा. दोर गुंडाळणारा एक ड्रम, तो फिरवणारी ताकद, आणि सोडल्यावर ओझं परत खाली जाऊ नये म्हणून अडसर. जीपच्या नाकावर बसवलेल्या विंचचा दोर समोरच्या झाडाला बांधायचा आणि बटण दाबायचं. चिखलात रुतलेली गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर काढते. जुन्या जीपांवर विंच असे ती इंजिनातूनच शाफ्टने फिरणारी. इंजिन बंद पडलं की तीही बंद, आणि गाडी पाण्यात अडकते तेव्हा इंजिनच आधी दगा देतं. विजेच्या विंचला बॅटरी पुरते. कलिन्यात मामाला शेवटपर्यंत ओढता आलं ते म्हणूनच.

मामाची विंच वॉर्न कंपनीची. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात आर्थर वॉर्न नावाच्या माणसाने १९४८ मध्ये युद्धातून उरलेल्या जीपांसाठी एक भाग बनवायला घेतला. साध्या रस्त्यावर पुढची चाकं गिअरपासून मोकळी करणारं हब. आपल्या माझगावातही विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू झाली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे साधारण त्याच काळात. वॉर्नच्या कंपनीने १९५९ मध्ये हौशी लोकांच्या गाड्यांसाठी विजेवरची विंच बाजारात आणली. मामाच्या पेटीतलं मॉडेल त्यानंतरचं, ८२७४. नावाचा अर्थ त्या आकड्यातच आहे. आठ म्हणजे आठ हजार पाउंडांची ओढ, आणि पुढचे आकडे १९७४ चा फेब्रुवारी. पाउंडाला आपले आजोबा रतल म्हणत. आठ हजार रतल म्हणजे साडेतीन टनांहून थोडं जास्त.

मामा १९७६ ते १९८४ मस्कतला एका सर्वेक्षण कंपनीच्या गाड्यांवर मेकॅनिक होता. तिथे मोडीत काढलेल्या एका लँड रोव्हरवरची ही विंच त्याने विकत घेतली आणि परत येताना बोटीने सामानातून आणली. लोकांनी टेपरेकॉर्डर आणले, मिक्सर आणले. मामाने हे आणलं.

पेटी उघडल्यावर ज्याला ज्याला फोटो पाठवला, त्याने एकच सल्ला दिला. मोटर फेक, नवी दुप्पट ताकदीची टाक. स्पर्धेत उतरणारी मंडळी खरंच तसं करतात. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरते. तिथे विंचवर इतका भार येतो आणि वेळेला इतकी किंमत असते की एका विंचवर दोन मोटरी बसवलेल्याही दिसतात. मला स्पर्धेत उतरायचं नव्हतं. मला हे यंत्र समजून घ्यायचं होतं, आणि फेकायचं काय ते समजल्यानंतर ठरवायचं होतं.

लालबागला एका गल्लीत तात्यांचा गाळा आहे. दहा बाय बारा. एके काळी ते गिरणीच्या मोटर खात्यात वाइंडर होते, म्हणजे मोटरींत तांब्याची तार भरणारे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सव्वीस वर्षांचे. गिरणी परत उघडायची वाट बघताना पंखे आणि मिक्सर भरायला घेतले, ते आजपर्यंत भरतायत. मी मोटर घेऊन गेले तेव्हा श्रावण लागायचा होता, आणि गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. गणपतीतल्या हलत्या देखाव्यांच्या मोटरी. एकीवर खडूने 'राक्षस – डावा हात' लिहिलेलं, एकीवर 'कारंजं'. तात्यांनी माझ्या मोटरकडे बघितलं, वास घेतला आणि म्हणाले, "ताई, ही पाण्यात होती. आणि पाणी चांगलं नव्हतं. आता नाही. अनंत चतुर्दशी झाली की या."

मी गेले ते अनंत चतुर्दशी झाल्यावरच.

मोटर उघडण्याचं काम मी जवळून बघितलं. आधी वरच्या झाकणावर आणि पत्र्यावर छिन्नीने एक-एक खूण केली. जोडताना खूण जुळली नाही तर कार्बन ब्रश चुकीच्या जागी बसतात. मग मधला फिरता भाग, आर्मेचर, अलगद वर काढला. त्याच्या एका टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कडं असतं, कम्युटेटर. ब्रश त्यावर घासत राहतात आणि वीज आत जाते. ते कडं काळं पडलं होतं, दोन पट्ट्यांवर खड्डे. तात्यांनी सिरीज लॅम्पची एक तार तांब्याला आणि दुसरी शाफ्टला लावली. बल्ब मंद, लालसर पेटला.

"बॉडी होतंय," मी म्हणाले. म्हणजे वीज तांब्यातून शाफ्टमध्ये गळतेय. एवढं मला कळत होतं.

"होतंय. पण पूर्ण नाही. तांबं गेलेलं नाही, ओल गेलेली नाही." त्यांनी आर्मेचर एका पत्र्याच्या डब्यात ठेवलं, वर २०० वॉटचा पिवळा बल्ब सोडला आणि झाकण ओढलं. "दोन रात्री राहू दे. मग भरायचं की नाही ते बघू."

दोन रात्रींनी बल्ब पेटला नाही. वीस वर्षं जिला जळालेली मोटर म्हणत होतो, तिच्यात फक्त दमट माती होती. आर्मेचर धुतलं, वार्निशात बुडवलं, भट्टीत भाजलं. बाहेरच्या चार फील्ड कॉइलांवरची सुती पट्टी मात्र कुजली होती. ती सोलून नवी पट्टी गुंडाळली, तांबं तेच ठेवलं. कम्युटेटर लेथवर हलका कापला. केसाएवढा, त्याहून जास्त नाही, कारण ते तांबं परत येत नसतं. मग तात्यांनी हॅक्सॉची तुटकी पाती घेतली. तिची बाजू सहाणेवर घासून बारीक केलेली होती. दोन पट्ट्यांच्या मध्ये अभ्रक भरलेलं असतं, आणि तांबं झिजतं तसं अभ्रक वर राहतं, ब्रशला उचलून धरतं, ठिणग्या पडतात. एकेका फटीत ती पाती घालून तात्या अभ्रक खाली खरवडत होते. एक फट, फुंकर, पुढची फट. सगळं कडं पुरं व्हायला तास लागला. मध्ये कुणीतरी मिक्सर घेऊन आलं, त्याला त्यांनी मान वर न करता हाताने थांबायची खूण केली.

गिअरचं काम परळला झालं, रेल्वेच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या एका टर्नरकडे. परळचा हा कारखाना १८७९ पासूनचा, आणि आसपासच्या चाळींत लेथवर हात बसलेल्या माणसांच्या पिढ्या झाल्या. ८२७४ ची रचना टर्नरांना बघताक्षणी आवडली. आजकालच्या बऱ्याच विंचमध्ये मोटर, ड्रम आणि गिअर एका रांगेत आडवे असतात, आणि ब्रेक ड्रमाच्या पोटात. इथे मोटर उभी, खाली साध्या सरळ दातांची गिअरमाळ, आणि ब्रेक ड्रमाबाहेर. मोटरचे १३४ फेरे होतात तेव्हा ड्रमचा एक. ब्रेकही वेगळ्या तारेवर चालत नाही. ओझं मागे ओढू लागलं की त्याच ओढीने चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि कुत्रं, म्हणजे अडसराची खुंटी, दातात अडकतं. जितकं ओझं जड, तितकी पकड घट्ट. आत पाणी शिरून ग्रीस खव्यासारखं पांढरं झालं होतं, पण ते रॉकेलने धुतल्यावर गिअरचे दात तसेच निघाले. बेअरिंगांवरचे नंबर पुसून वाचले आणि नागदेवी स्ट्रीटवर ते नंबर सांगितले. दुकानदाराने विंच बघितली नाही, गाडी विचारली नाही, डबे काढून दिले. ऑइल सीलचा नंबर झिजला होता, तो व्हर्निअरने तीन मापं घेऊन मिळाला.

मोटर आणि गिअर जुळले, तेव्हा मला वाटलं काम झालं. खरं काम तिथून पुढे होतं.

अशा मोटरची दिशा उलटवायची तर आर्मेचरच्या मानाने फील्डमधला प्रवाह उलटवावा लागतो. जुन्या ८२७४ वर त्यासाठी चार सोलेनॉइड असत. सोलेनॉइड म्हणजे लहान विजेने ओढला जाणारा जाड तांब्याचा स्विच, गाडीच्या स्टार्टरवर असतो तसा. मामाचे चारही गंजून गेले होते. मी त्याच मापाचे स्वस्त चार आणले. दुकानाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, चूक स्वस्त घेणारीचीही होती. गल्लीत जीप उभी केली, हुक वीस फुटांवरच्या लोखंडी खांबाला अडकवला, जीप हँडब्रेकवर. बटण दाबलं, ड्रम फिरला, तार ताणली गेली. बटण सोडलं. ड्रम फिरतच राहिला.

सोलेनॉइडच्या आतले संपर्क जोराच्या प्रवाहाने वितळून एकमेकांना चिकटले होते. जीप लॉक चाकांवर घसरत खांबाकडे चालली होती आणि पोलादी तार सतारीच्या तारेसारखी वाजत होती. तात्यांच्या हाताखालच्या मुलाने बॅटरीचं टर्मिनल हाताने उपटलं. ठिणगी उडाली, सगळं थांबलं. कुणाला काही झालं नाही. पण तो आवाज मी विसरलेले नाही, आणि तेव्हापासून कुणी नवी-जुनी विंच दाखवली की मी पहिला प्रश्न विचारते, वीज तोडायचा मोठा स्विच कुठे आहे? माझ्या जीपवर तो आता बोनेटबाहेर, हाताशी आहे. बाकी काही बदलायचं नसलं तरी एवढं बदलाच.

चार सोलेनॉइडांच्या जागी मी एकच बंद डब्यातला कॉन्टॅक्टर बसवला, बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टमध्ये वापरतात त्या जातीचा. दिवसाला शेकडो वेळा जोड-तोड करायला तो बनलेला असतो, आणि आतल्या यांत्रिक कुलपामुळे पुढची आणि मागची दिशा एकदम लागू शकत नाही. घेताना एकच खबरदारी. फोर्कलिफ्टची कॉइल बहुधा २४ किंवा ४८ व्होल्टची असते. जीपला १२ ची लागते.

आता केबल. मामाची जुनी केबल २५ चौरस मिलिमीटरची होती, वरून धडधाकट. लॅमिंग्टन रोडवरून डीसी क्लॅम्प मीटर आणला आणि पुन्हा खांबाला ओढ दिली. ३०० अँपिअरवर बॅटरीच्या टोकांवर ११.४ व्होल्ट, मोटरच्या टोकांवर ८.८. मधले २.६ व्होल्ट रस्त्यात गेले. गुणाकार करा, ७८० वॉट. घरातल्या इस्त्रीएवढी उष्णता केबलमध्ये आणि जोडांमध्ये जळत होती. केबलच्या टोकाची एक लग कापून बघितली तर आत तांब्याच्या तारांवर मोरचुदासारखा हिरवा थर. मुंबईची खारी हवा वेष्टनाच्या आतपर्यंत शिरलेली.

"आणि लोक म्हणत होते मोटर फेक," तात्या म्हणाले. ते हसले नाहीत. खरोखर चिडले होते.

लोहार चाळीतून ७० चौरस मिलिमीटरची मऊ, बारीक तारांची केबल आणली. जाड लग घेतल्या, त्या हातोडीने न ठोकता हायड्रॉलिक यंत्राने दाबून घेतल्या. ऋण बाजूची वेगळी केबल थेट बॅटरीपर्यंत नेली, कारण जीपच्या गंजक्या चॅसीवर भरवसा ठेवणं म्हणजे पुन्हा तोच घोळ. मग मीटर लावला. तेच ३०० अँपिअर, बॅटरीवर ११.३, मोटरवर १०.६. अशा मोटरची ओढ प्रवाहावर ठरते, म्हणून ओढ तेवढीच राहिली. पण वेग वाढला. मोटर तीच, तांबं तेच, आणि ड्रम डोळ्यांना दिसेल इतका जलद फिरू लागला. या सगळ्या वर्षात मला सर्वात जास्त आनंद झाला तो क्षण हा, आणि त्यात नवीन म्हणावं असं फक्त काही मीटर तांबं होतं.

बॅटरीचाही हिशोब इथेच सांगते, कारण विंच घेणारे तो करत नाहीत. ऐन भारात ४०० अँपिअर एक मिनिट खेचले तर बॅटरीतून पावणेसात अँपिअर-तासांच्या आसपास जातात. अल्टरनेटरकडून विंचच्या वाट्याला ४० अँपिअर आले, तर तेवढं भरून यायला दहा मिनिटं इंजिन चालू ठेवावं लागतं. म्हणून ओढायचं थोडं, थांबायचं फार. मोटर थंड व्हायलाही तोच वेळ लागतो.

पोलादी तार मी ठेवली नाही, आणि याबद्दल मामींशी माझा वाद झाला. "त्यांनी मस्कतहून आणलेली तार आहे ती." पण आठ मिलिमीटरची ती तार जागोजागी कुसळं काढून बसली होती. ताणलेली पोलादी तार तुटली तर चाबकासारखी येते. तिच्या जागी कृत्रिम धाग्याचा दोर घेतला, डायनिमा जातीचा. पोलादाच्या साधारण सातव्या हिश्श्याइतका हलका, पाण्यावर तरंगणारा. त्याचं वैर उष्णतेशी. सत्तर अंशांच्या पुढे तो कमजोर होऊ लागतो, आणि ड्रमाच्या पोटात ब्रेक असलेल्या विंचवर उलट सोडताना ड्रम तापतो. ८२७४ चा ब्रेक बाहेर आहे. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही रचना केली त्यांच्यासमोर हा दोर नव्हता, तरी तो या ड्रमावर चपखल बसतो. तारेसाठीचे रोलर मात्र काढावे लागले. त्यांच्या खरवडलेल्या कडांनी दोर दोन दिवसांत फाटला असता. मामींना तारेचा हातभर तुकडा डोळा वळवून दिला आहे. तो नव्या घरी जायच्या सामानात आहे.

आता बसवायची कुठे? डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाड्यांपुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरफारांबद्दल आहेच, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलं. मला हे नियम जाचक वाटत नाहीत. नाकावर लोखंड वागवत दादरच्या गर्दीतून जाणारी गाडी पायी चालणाऱ्याला घातकच. म्हणून परळच्या टर्नरांनी एक पाळणा बनवला. विंच त्यात घट्ट, आणि पाळणा चॅसीच्या दोन कानांत जाड पिनांनी अडकतो. वीज फोर्कलिफ्टच्याच जाड प्लगमधून. शहरात विंच घरी राहते, डोंगराकडे जाताना दोघांनी उचलून लावायची. बसवायला दहा मिनिटं पुरतात.

रंग दिला नाही. अॅल्युमिनियमचं घर रॉकेल आणि ब्रशने धुतलं, एवढंच. त्याच्या बाजूवर मामाने खिळ्याने कोरलेली तारीख आहे, ती सँडब्लास्टमध्ये गेली असती.

तात्यांच्या गाळ्याची इमारतही आता पुनर्विकासाला निघाली आहे. नव्या इमारतीत त्यांना गाळा मिळेल, कागदावर तसं लिहिलं आहे. पण तिथे खाली वार्निशाची भट्टी लावू देतील का, रात्रभर बल्बखाली आर्मेचर ठेवता येईल का, हे कागदावर नाही. लालबाग-परळमध्ये एका यंत्राचे पाच भाग पाच माणसांकडे, चालत जाण्याच्या अंतरावर दुरुस्त होत होते. यातला एक माणूस वसईला गेला आणि दुसरा गावी, तर सामान तेच राहील, विंच मात्र होणार नाही. हाताखालच्या मुलाला तात्या अभ्रक खरवडायला शिकवतायत. तो अजून पाती वाकडी धरतो.

यंदा जुलैत कर्जतजवळ, ओळखीच्या शेतकऱ्याच्या वाटेवर विंच खऱ्या चिखलात उतरली. लावणी चालू होती. जीप मुद्दाम नव्हती रुतवली, आपणहून रुतली, मागची दोन्ही चाकं अॅक्सलपर्यंत. समोर जांभळाचं झाड. सालीला इजा होऊ नये म्हणून खोडाला रुंद पट्टा. पट्ट्यात कप्पी लावून दोर परत जीपच्याच हुकाला आणला, म्हणजे ओढ दुप्पट आणि वेग निम्मा. शिवाय दोर जास्त सुटल्याने ड्रमावर एकच थर उरला. ओढ सर्वात जास्त असते ती पहिल्या थरालाच, थर चढत जातात तशी ती घटते. दोरावर जाड गोधडी टाकली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि बटण दाबलं.

पहिले दोन सेकंद काहीच हललं नाही. फक्त मोटरचा आवाज खाली उतरला. मग चिखलाने चुसकन हवा घेतली आणि जीप हातभर पुढे आली. बटण सोडलं, ड्रम तिथल्या तिथे थांबला. जीप मागे सरकली नाही. चार खेपांत चाकं टणक वाटेवर आली. लावणी करणाऱ्या बायका बांधावर येऊन उभ्या होत्या. एकीने विचारलं, "ट्रॅक्टरला पण बसते का ही?"

मी तात्यांना फोन लावला. त्यांनी गाडी निघाली का हे विचारलंच नाही.

"हात ठेवा मोटरवर. किती मोजता येतात?"

मी तळवा ठेवला आणि मोजले. "अकरा. मग चटका बसला."

"ब्रेकच्या बाजूला?"

"कोमट. ड्रम थंड आहे."

"बरं. आठवड्याने घेऊन या. ब्रश कसे बसलेत ते उघडून बघू. गणपतीच्या मोटरी यायच्या आधी या."